शंभर एमबीचा तुकडा

“कालपर्यंत सरळ होतास की रे मेल्या. आज काय अंगात आलं तुझ्या?”

वन्सं कॉम्प्युटरशी बोलत होत्या. मी त्यांच्या पाठीमागे, दीड हातावर, एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत बसले होते. आमच्या दुकानात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मावतील एवढीच जागा. एकीनं जांभई दिली तर दुसरीला कळायची. वन्संचं पुटपुटणंही रोजचंच होतं. त्या प्रिंटरला भाऊ म्हणायच्या, कीबोर्डला बाळ, आणि हे मशीन नीट चाललं तर राजा, नाही तर मेल्या. म्हणून मी मान वळवली नाही.

पण बटण दाबल्याचा आवाज पाच-सहा वेळा आला. मग काहीच आला नाही. तेव्हा वळले.

काळा पडदा. वर डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच पांढरी ओळ. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, अशा अर्थाची.

“वन्सं, कधीपासून?”

“आल्यापासून. मी काही केलं नाही. बटण दाबलं, तर हे.”

“काल संध्याकाळी?”

“काल चालू होतं. बंद करून आले घरी.” मग म्हणाल्या, “जगदाळे सर पाचला येतील पेपर न्यायला.”

याला आता तेरा वर्षं झाली. फलटणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘कर्णे टंकलेखन’ अशी पाटी होती, अजून आहे. पूर्वी तिथं टाइपरायटर खडखडायचे. मग कॉम्प्युटर आले आणि आम्ही पत्रिका, अर्ज, अहवाल करायला लागलो. पण दुकानाचं नाव होतं ते परीक्षेच्या पेपरांमुळे. तालुक्यातल्या अकरा शाळा चाचणीपासून वार्षिकपर्यंतचे पेपर वत्सलाबाई कर्ण्यांकडून टाईप करून घ्यायच्या. वत्सलाबाई म्हणजे माझ्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. वीस वर्षांत त्यांच्याकडून एक प्रश्न फुटला नव्हता. शिक्षक हाताने लिहिलेला पेपर पाकिटात घालून आणून देत आणि थेट परीक्षेआधी छापायची प्रत न्यायला येत. मधे बघायला कुणी यायचं नाही. वन्संचं प्रूफ दुसऱ्या कुणी तपासायचं नसतं, असं जणू ठरलेलंच होतं.

त्यांचे नियमही तसेच. पेपरांचं मशीन वेगळं. त्याला इंटरनेट नाही. पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांवर त्यांनी जखमेवरची चिकटपट्टी लावून टाकली होती, मशीनला खरचटल्यासारखी. दुसरी प्रत कुठेही ठेवायची नाही. मी एकदा बॅकअपचं नाव काढलं, तर म्हणाल्या, “दुसरी प्रत म्हणजे फुटायची दुसरी वाट.” आणि टाईप करून, वाचून झालं की हाताने लिहिलेले कागद घरी नेऊन बंबात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या घरी आंघोळीचं पाणी भूगोल आणि बीजगणितावर तापायचं. जाळलं की वहीत शाळेचं नाव, विषय, तारीख आणि समोर ‘जाळले’ असं लिहून सही.

मला त्या मशीनपाशी बंदीच होती. आमचा चिरंजीव जगदाळे सरांच्या शाळेत नववीत होता. वन्सं म्हणाल्या होत्या, “तुझ्यावर विश्वास आहे गं. पण आईवर नाही.”

म्हणजे त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता परिस्थिती अशी होती. सोमवारी सहामाही सुरू. अकरा शाळांचे पेपर त्या एका मशीनमध्ये. बाहेर कुठेही एक चिटोरं नाही. आणि मशीन उठत नव्हतं.

“मुलाणींना बोलावू?” मी विचारलं.

“मुळीच नाही. परका माणूस या मशीनवर बसायचा नाही.”

“मग?”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठल्या. त्या मशीनसमोरची खुर्ची त्यांनी मला दिली, ती पहिल्यांदा. “तू कर. डोळे मिटून कर वाटल्यास. आत काय आहे ते वाचायचं नाही.”

मी बारावी, तीही आर्ट्स. टायपिंग मला वन्संनी शिकवलं. कॉम्प्युटर कुणीच शिकवला नाही. वन्सं पुस्तकातून शिकल्या आणि मी वन्संच्या खांद्यावरून. तेवीस वर्षांची असताना लग्न होऊन आले, दुपारी घरात कंटाळा यायचा, म्हणून दुकानात येऊन त्यांच्या मागे उभी राहायचे. त्या बोलत बोलत काम करायच्या. “आता हे इथं न्यायचं. आता हा रुसलाय, याला बंद करून परत लावायचं.” त्या आपल्यासाठी बोलायच्या आणि मी शिकून घ्यायचे. वीस वर्षांत बरंच काही शिकून घेतलं होतं.

विंडोजची मूळ सीडी कपाटात होती. ती काढली आणि मशीनचा कप्पा उघडला.

कप्प्यात आधीच एक सीडी होती.

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेली. तिच्यावर वन्संच्या अक्षरात स्केच पेननं लिहिलेलं होतं, ‘पार्टिशन बदलणे’. डिस्कचे जे भाग पाडलेले असतात, ते लहान-मोठे करायचा प्रोग्रॅम. त्या सीडीला दुकानात फक्त वन्सं हात लावायच्या, तोही वर्षा-दोन वर्षांनी, आणि आदल्या दिवशी मला सांगून.

“ही कुणी ठेवली?” वन्संनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं.

आदल्या दिवशी चार वाजता मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. दुकानात त्या एकट्या होत्या.

“मीच ठेवली असेन,” मी म्हटलं. “मागे कधीतरी.”

“बघ बाई. तुझं लक्ष नसतं हल्ली.”

“हो वन्सं.”

ती सीडी मी पत्रिकेच्या कागदांखाली सरकवली.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून आमच्या घरात असं चाललं होतं. पोस्टात गेलेल्या वन्सं दीड तासानं रिक्षातून परत आल्या, रिक्षावाला म्हणाला, मावशी स्टँडवर उभ्या होत्या, घर कुठं विचारत होत्या. नवरा म्हणाला, ऊन लागलं असेल. एका पत्रिकेत त्यांनी वधूच्या वडिलांच्या जागी वराचे वडील घातले. मी गुपचूप बदललं. साखर दोनदा, मीठ एकदाही नाही. “एकसष्ट म्हणजे काय कमी वय आहे का?” असं नवरा म्हणायचा, आणि आम्ही दोघं लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायचो. मला खरं सांगायला लाज वाटते, पण पत्रिकेतली ती चूक सापडली तेव्हा मनातून थोडं बरंही वाटलं होतं. वीस वर्षं ज्यांच्या मागे उभी राहिले, त्यांची चूक मला दिसली म्हणून. तेवढं बरं वाटणं मी नंतर पुष्कळ फेडलं.

सीडी घालून मशीन लावलं. निळा पडदा आला, त्यावर ‘दुरुस्ती’ असा पर्याय. तो घेतला. मशीन दोन मिनिटं विचार करत बसलं आणि म्हणालं, मला काही दोष सापडत नाही.

“बघ, त्यालासुद्धा सापडत नाही,” वन्सं म्हणाल्या. स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर. “मी काही केलंच नाही.”

“हो ना.”

“जगदाळे सर पाचला येतील.”

मी मुलाणींना फोन लावला. रफिक मुलाणींनी हे मशीन आम्हाला जोडून दिलेलं. लोणंदला त्यांचं दुकान. परक्या माणसानं मशीनला हात लावायचा नाही हे ठीक, पण फोनवरून तोंड लावायला वन्संची हरकत नव्हती.

“वहिनी, घाबरू नका. काळी खिडकी उघडा. हां, तीच, कमांडची. आता मी सांगतो तसं टाईप करा, एकेक अक्षर.”

मी टाईप करत गेले. पडद्यावर येईल ते मुलाणी माझ्याकडून वाचून घेत होते. वन्संना इकडून नुसतं माझंच बोलणं ऐकू येत होतं.

“आता डिस्कचे भाग दाखवेल तो. किती दिसतात?”

“दोन.”

“नीट बघा. तीन असतील.”

“दोनच आहेत. एक मोठा, एक त्याहून जरा लहान.”

“सगळ्यात वर एक अगदी छोटा असेल बघा. शंभर एमबीचा.”

“नाही.”

त्यांच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता, कसली तरी जाहिरात.

“वहिनी,” मग ते हळू आवाजात म्हणाले, “मशीन उठताना सगळ्यात आधी त्या छोट्याला विचारतं, विंडोज कुठं आहे म्हणून. तो उडाला की मशीनला काहीच सापडत नाही. बाकी सगळं असतं जागच्या जागी. पण तो आपोआप उडत नाही.”

“हं.”

“आणि बाईंना तर हे… अहो, मी नवीन होतो तेव्हा बाईंनीच मला सांगितलेलं. माझ्या हातून एकाचा असा उडाला होता. बाई म्हणाल्या, रफिक, कितीही जागा कमी पडली तरी त्या छोट्याला हात लावायचा नाही. तो दिसायला रिकामा दिसतो, पण सगळं घर त्याच्यावर उभं असतं.” मग विचारलं, “बाई आहेत का तिथं?”

“आहेत.”

“मग लाईटचा झटका बसला असेल,” मुलाणी मोठ्यांदा म्हणाले, जणू वन्संना ऐकू जावं म्हणून. “हल्ली लाईट फार कमी-जास्त होते तुमच्याकडे.”

लाईटच्या झटक्यानं डिस्क जळते. तिचा एक भाग व्यवस्थित पुसून जागा दुसऱ्या भागाला जोडली जात नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

“हो, झटकाच बसला असणार,” मी म्हटलं.

“झटका बसलाय होय?” वन्सं स्टुलावरून म्हणाल्या. “मी म्हटलंच.”

पुढचं काम दीड तासाचं. आता छोटा भाग नाही, तर त्याचं काम मोठ्यानं करायचं, असं त्याला पटवायचं होतं. मुलाणींनी सांगितलेली कमांड दिली. मग पुन्हा दुरुस्ती लावायची. “तीनदा लावा,” ते म्हणाले. “एकदा सांगून त्याला पटत नाही. दर वेळी थोडं थोडं पटतं.”

पहिल्यांदा लावलं. काळा पडदा.

दुसऱ्यांदा लावलं. पांढरी ओळ बदलली, पण उठलं नाही. मला त्या वेळी वाटलं, आता संपलं. मी वन्संकडे पाहिलं नाही. कुलदैवताला नवस बोलावा तर काय बोलावं ते कळेना. म्हणजे काय मागायचं? मशीन सुरू होऊ दे, एवढंच मागावंसं वाटत नव्हतं. हे वन्संनी केलेलं नसू दे, असंही मागायचं होतं. आणि ते मागायला सकाळीच उशीर झाला होता.

“हेमा,” वन्सं म्हणाल्या.

“काय?”

“चहा घेतलास का तू?”

“दोनदा झाला वन्सं.”

“मग मीपण घेतला असेल.”

“हो.”

तिसऱ्यांदा लावलं. पडदा काळा झाला, काळाच राहिला, आणि मग मधोमध चार रंगांचे ठिपके तरंगत आले आणि एकमेकांना चिकटून खिडकी झाली. मी इतक्या जोरात “आलं!” म्हणून ओरडले की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली. वन्संनी टाळ्या वाजवल्या. खरोखर, लहान मुलीसारख्या. स्टुलावरून उठून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“उठला गं राजा! हेमा, तू पास. पहिल्या वर्गात पास.”

त्यांनी माझं कौतुक फार क्वचित केलं होतं. बारा वाजून गेले होते. मी म्हटलं, “वन्सं, हात धुवून या. हे डबा घेऊन येतीलच.” त्या गल्लीच्या टोकाच्या नळाकडे गेल्या. ओढणीसारखा रुमाल खांद्यावर टाकून, ताठ चालत.

मी डी ड्राइव्ह उघडला. वाचणार नव्हते. सगळं जागेवर आहे एवढंच बघायचं होतं. आणि एक कोडं उरलं होतं, ते सोडवायचं होतं. वन्संना जागा कमी पडलीच कशी? पेपर म्हणजे साधा मजकूर, शंभर वर्षं टाईप केले तरी डिस्क भरायची नाही.

‘सहामाही’ नावाचा फोल्डर. त्यात शाळांचे फोल्डर. पहिलाच उघडला. नववी विज्ञान. नववी विज्ञान नवा. नववी विज्ञान शेवटचा. नववी विज्ञान बरोबर. मोजले, सात होते. सात दिवसांच्या सात तारखा. एकापाठोपाठ एक दोन उघडून पाहिले, तर अक्षर न् अक्षर तेच. प्रश्न तेच, गुण तेच, आणि प्रत्येकात हृदयाची आकृती नव्यानं स्कॅन केलेली, मोठ्यात मोठ्या आकाराची. दुसऱ्या शाळेत भूगोल पाच वेळा, पाच वेळा महाराष्ट्राचा नकाशा. त्या नकाशांनी आणि हृदयांनी डिस्क भरली होती. वन्संना रोज सकाळी टेबलावर तोच कागद दिसत होता, आणि रोज तो नवा होता. चांगल्या एकाग्रतेनं, वेलांटीची चूक न करता, त्यांनी तो रोज नव्यानं टाईप केला होता.

मग जगदाळे सरांच्या शाळेचा फोल्डर उघडला.

रिकामा होता.

बंद करून परत उघडला. नाव नीट वाचलं. शोध घेऊन पाहिला, सगळी डिस्क धुंडाळली. त्या शाळेचा एकही पेपर कधी टाईप झालाच नव्हता. पार्टिशन बदलताना गेला म्हणावं, तर तसंही नाही. गेला असता तर खूण राहिली असती. मी टेबलाच्या खणातली वही काढली. जगदाळे सर, आठवी-नववी, सगळे विषय, बारा पेपर. समोर वन्संचं गोलगोल अक्षर. जाळले. जाळले. जाळले. खाली सही.

मागच्या रविवारी सकाळी आमच्या बंबाचं पाणी फार कडक तापलं होतं. मी नवऱ्याला म्हटलंही होतं, आज थंड घ्या बरोबर.

“झालं का सुरू?” दारात नवरा उभा होता, हातात डबा. प्रभाकर पाटबंधारे खात्यात. त्या शनिवारी सुट्टी होती, म्हणून डबा त्यांच्याकडे. त्यांनी पडद्यावर उघडा फोल्डर पाहिला आणि माझं तोंड पाहिलं.

“बाहेर या,” मी म्हटलं.

आम्ही पायरीवर उभे राहिलो. वन्सं नळावरून परत येताना दिसल्या, आमच्याकडे पाहून हसल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. सीडी, छोटा भाग, सात विज्ञानं, रिकामा फोल्डर, वही.

प्रभाकर बराच वेळ चपलेच्या टोकानं पायरीचा सिमेंटचा टवका उकरत राहिले.

“अक्काला माहितीय?”

“नाही.”

“मग मशीन गेलं म्हणून सांग जगदाळ्यांना.”

“मशीन चालू आहे.”

“बंद कर.”

“अहो, मी सकाळपासून…”

“मला कळतंय गं. पण मशीनला कुणी काही विचारत नाही. मशीन बिघडतं, लोक म्हणतात बिघडलं. अक्कानं न टाईप करता जाळले म्हटलं, तर काय म्हणतील? अकरा शाळांत जाईल. लोक म्हणतील पेपर फुटले असतील, विकले असतील. तिचं नाव… वीस वर्षं, हेमा. डिस्क गेली. सांग, डिस्क गेली. दहा शाळांचे पेपर कसेबसे वाचले, एका शाळेचे नाही वाचले. जगदाळे दोन दिवसांत दुसरे काढतील.”

“आणि पुढच्या चाचणीला?”

त्यांनी तो टवका पायानं पायरीखाली लोटला. पुढच्या चाचणीचं बोलायचं म्हणजे ते बोलायचं, जे उन्हाळ्यापासून आम्ही कुणी बोललो नव्हतो.

आत आलो. वन्सं स्टुलावर बसून दहीभात खात होत्या. पडदा तसाच उघडा होता. मी बाहेर जाताना होता तसाच, निदान मला तसं वाटलं. मी दहा शाळांच्या छापायच्या प्रती भराभर काढून घेतल्या, प्रत्येक पेपराची एक. प्रिंटर तासभर चालला. त्या अख्ख्या वेळात वन्संनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटचा कागद आला, तसं मी मशीन बंद केलं. सकाळपासून जे उठवायला जीव टाकला, ते स्वतःच्या बोटानं झोपवलं.

“बंद केलंस?” वन्संनी विचारलं.

“परत अडकायला लागलंय. जास्त ताण नको.”

“बरं,” त्या म्हणाल्या. डबा पुसला, झाकण लावलं. “दमली असशील. सकाळपासून मान वर केली नाहीस.”

मला रडू येत होतं, म्हणून मी पत्रिकेचं प्रूफ पुढे ओढलं. चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, आमचे येथे श्रीकृपेकरून. एकच ओळ वीस वेळा वाचली.

दुपारभर वन्सं कधी वही काढायच्या, उघडायच्या, परत खणात ठेवायच्या. प्रभाकर घरी गेले नाहीत. दारातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसले होते, एकदाही पान न उलटता. पाच वाजेपर्यंत बाकीच्या दहापैकी चार शाळांचे शिक्षक येऊन आपापली पाकिटं घेऊन गेले. वन्संनी प्रत्येकाची सही घेतली, प्रत्येकाला नावानं विचारलं, घरचं कसं काय, मुलीचं बाळंतपण झालं का. एकही नाव चुकलं नाही. मला मनात वेड्यासारखी आशा वाटली, की आपलंच काहीतरी चुकलंय. फोल्डर दुसऱ्या नावानं असेल. मी पाहिला नसेल.

बरोबर पाचला जगदाळे सर आले. घामाघूम, हातात शाळेची कापडी पिशवी. परीक्षा विभागाचे प्रमुख, साधा माणूस. आमच्या मुलाला गणित शिकवायचे.

“नमस्कार बाई. झालं का आमचं बाड तयार? रविवारी छपाईवाला आठलाच बोलावलाय.”

मी उठले, पण प्रभाकर आधीच उभे राहिले होते.

“सर, जरा गडबड झाली. काल रात्रीपासून मशीनच गेलं. ही सकाळपासून बसलीय त्याच्यासमोर. बाकी सगळं वाचवलं हो, पण नेमके तुमचे…”

“गेले?”

“डिस्कचा एक भागच उडाला. लाईटच्या झटक्यानं.”

जगदाळे सर खुर्चीवर बसले. “सगळे? बाराच्या बारा?”

“हो.”

“हाताने लिहिलेले तरी?”

“ते नियमाप्रमाणे…” प्रभाकरांनी वाक्य सोडून दिलं.

सर पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते चिडतील असं वाटत होतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “जाऊ द्या. मशीनच ते. आता तुमचा काय दोष त्यात? शिक्षकांना आज घरोघर जाऊन सांगतो, रात्रीतून लिहून काढतील. नाही तर बुधवारपासून सुरू करू. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“मशीन चांगलं आहे, सर,” वन्सं म्हणाल्या.

त्या स्टुलावरून उठल्या होत्या. एक हात टेबलावर टेकवलेला.

“अक्का, तू बस,” प्रभाकर म्हणाले.

“तू थांब रे. मशीनला काही झालेलं नाही, सर. जे झालं होतं ते मीच काल केलं होतं, त्या सीडीला माझ्याशिवाय दुसरं कुणी हात लावत नाही, आणि या पोरीनं दुपारी बाराला नीट केलं. मग बंद करून टाकलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “तुम्ही दोघं पायरीवर बोलत होतात, तेव्हा मी बघितलं आत काय आहे ते. एक विज्ञान मी सात वेळा टाईप केलंय. आधी वाटलं, हेमानं केलं असेल. पण हेमा प्रश्नाच्या आकड्यापुढे टिंब देते, मी कंस करते. सातही ठिकाणी कंस आहे.”

जगदाळे सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“तुमचे पेपर मी टाईप केलेच नाहीत, सर. न करताच जाळले. वहीत माझी सही आहे. मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही. तुम्ही पाकीट आणून दिलंत, तेही आठवत नाही.”

“बाई,” जगदाळे सर घाईघाईनं म्हणाले, “असं होतं हो वयानं. माझी आईसुद्धा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. त्यात काय एवढं?”

“नाही सर,” वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता, एखाद्या शिक्षकाला पेपरातली चूक दाखवताना असायचा तसा. “वयानं होतं ते वेगळं. मला आजार झालाय. माझं डोकं चाललंय, आणि ते परत यायचं नाही. हेमाला ठाऊक आहे, प्रभाकरला ठाऊक आहे. मला कुणी सांगेना, म्हणून मीच सांगते.”